हललेली रेघ

॥ श्री ॥
नारायण पेठ, पुणे
१२ जानेवारी २०२४

चि. तनयास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या काकांनी काढलेलं चित्र आज स्पीड पोस्टाने जपानला रवाना केलं. पुठ्ठ्याचं नळकांडं कडक आहे. तुझ्या सलिलदादाने वाघोलीहून येऊन ते बांधायला मदत केली, म्हणजे उभं राहून सूचना केल्या.

फोन असताना पत्र का, असं विचारशील. फोन वाजला की हे स्पीकर लाव म्हणतात, आणि यांच्यादेखत यांच्याविषयी बोलायचं कसं? कंपवाताला आता दोन वर्षं झाली. चहाचा कप अर्धाच भरते. शर्टाची बटणं मी लावते आणि हे दरवेळी म्हणतात, की चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या हातात ब्रश धरून दिला, आता माझा धरायला कोणी नाही. मी आहे, असं म्हटलं की हसतात.

तू पाठवलेल्या पातळ कागदावर त्यांनी माझं चित्र काढलं. एकोणीस दिवस लागले. मी रोज सकाळी खुर्चीवर बसायचे आणि एका हाताने त्यांचा चित्राचा फळा धरायचे. हललेला हात फळ्यावर आपटला की टक टक वाजायचं. निव्वळ काळ्या शाईच्या रेघा आहेत, रंग नाही. माझ्या तोंडावर जितक्या सुरकुत्या आहेत त्याहून जास्त वाकणं त्या रेघांना आहेत.

चित्र परत येणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही ते लाकडावर पालथं चिकटवता आणि कागदासकट कोरता, हे यांनी मला समजावलं. सलिल म्हणाला, आधी झेरॉक्स काढू, निदान मोबाइलवर फोटो तरी. हे एकदम चिडले. जे लाकडात जायचं ते कपाटात कशाला हवं, म्हणाले.

माझी अट एकच. रेघ आहे तशी यायला हवी. जिथे हात हलला, तिथे ती हललेलीच दिसली पाहिजे. हे यांचं शेवटचं चित्र आहे. मी हे पहिल्यांदाच लिहिते आहे आणि यांना सांगितलेलं नाही.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो उत्तर लिहून दाखव.

तुझी,
सुनीतीकाकू


क्योतो
३ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. काकूस सा. न. वि. वि.

नळकांडं आणि तुझं पत्र एकाच दिवशी पोचलं. इथे दुकानावर बर्फ साचलाय, मी मात्र घाम येईपर्यंत काम करते आहे. कोरायच्या खोलीत फोन न्यायचा नाही, असा आमच्या गुरूंचा, हिरानो-सानांचा नियम आहे. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना सगळं दिसतं, हे तुझ्यासारखंच.

इथे येऊन चार वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी फक्त पात्याला धार लावली आणि इतरांच्या रेघांभोवतीचं नको असलेलं लाकूड काढलं. आता पहिल्यांदाच एक अख्खा ठोकळा माझ्या हाती आहे. लाकूड रानटी चेरीचं, इतकं घट्ट की नखाने ओरखडा उठत नाही. त्याला खळ लावून चित्र पालथं चिकटवलं. मग ओलं बोट कागदाच्या पाठीवर घासत घासत त्याचा एकेक पापुद्रा उतरवला. शेवटी लाकडावर नुसती शाई उरते, धुक्यातून दिसल्यासारखी. थोडं तेल लावलं की ती स्पष्ट होते. मग तिच्या दोन्ही बाजूंनी पातं चालवायचं. रेघ उभी राहते, बाकीचं लाकूड खाली जातं. त्या उभ्या रेघेला शाई लावून वर कागद दाबला की छाप निघतो.

तू चित्रात फार कडक दिसतेस. हिरानो-सान बघून म्हणाले, की ही बाई कापडाच्या दुकानात भाव पाडून घेत असणार. मी म्हटलं, दुकानदार स्वतःच पाडतो.

मार्चअखेर छाप पाठवते. काकांना नमस्कार सांग. त्यांनी औषधं वेळेवर घ्यावीत.

आठवण ठेव, रागवायलासुद्धा.

तुझी,
तनया


॥ श्री ॥
नारायण पेठ, पुणे
४ एप्रिल २०२४

चि. तनयास आशीर्वाद. वि. वि.

छाप काल मिळाला. हे चित्र कोणाचं आहे?

खालच्या मजल्यावरच्या वेणूबाई बघायला आल्या. म्हणाल्या, की शरच्चंद्ररावांचा हात अजून काय सुरेख चालतो, आणि लोक उगाच म्हणतात आजारी आहेत. हे खुर्चीत ताठ बसले. कित्येक महिन्यांत यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. वेणूबाईंना त्यांनी कागद कसा, लाकूड कोणतं, सगळं सांगितलं. मी आत गेले आणि कुकर लावलेला नसताना कुकर बघितला.

तनया, ती एकोणीस दिवसांची रेघ मी समोर बसून पाहिली आहे. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत हात तीनदा उडाला होता. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा यांनी ब्रश खाली ठेवला, दहा मिनिटं भिंतीकडे बघितलं आणि पुन्हा उचलला. तुझ्या छापात तिथे एकच गुळगुळीत रेघ आहे. पातळाच्या निऱ्या तर अशा सरळ आहेत, की मी कधीच तसं नेसले नाही. तू तुझ्या काकांचं चित्र वहीसारखं तपासून दुरुस्त केलंस.

आणि खाली सही मात्र जशीच्या तशी हललेली आहे. म्हणजे तुला ते कोरता येत होतं. न येण्याचा प्रश्न नव्हता.

मी एकच गोष्ट मागितली होती. ती तू लेखी वाचली होतीस. कागद आता नाही, फोटो नाही, काही नाही. यांचा हात गेल्या महिन्यापासून ब्रश धरेनासा झाला आहे. तू जे सपाट केलंस ते आता कोणाकडेच उरलेलं नाही.

उत्तर लवकर हवं. गोड बोलू नकोस.

सुनीतीकाकू


क्योतो
१९ एप्रिल २०२४

ती. सौ. काकूस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. चूक माझी आहे. मी रेघा सरळ केल्या. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

हिरानो-सानांनी पहिला छाप उजेडाला धरला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, की कोरणाऱ्याला रेघेविषयी मत नसतं. काढणाऱ्याने चुकीची काढली तर ती चूकही त्याचीच, ती आपण कोरायची. सहीचं तू बरोबर ओळखलंस. सही दुरुस्त केली तर ती खोटी सही होते, म्हणून तिला हात लावायचं धाडस मला झालं नाही. बाकीच्याला मात्र झालं.

एक उपाय आहे. ठोकळ्याचा बिघडलेला भाग खोलवर कापून काढतात, तिथे त्याच लाकडाचा नवा तुकडा ठोकून बसवतात आणि पुन्हा कोरतात. जोड कळतसुद्धा नाही. पण त्यासाठी रेघ लागते. काका थोडंसं, नुसता चेहरा, पुन्हा काढू शकतील का? कितीही हलला तरी चालेल. यावेळी मी केसभरही बदलणार नाही.

याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
तनया


॥ श्री ॥
नारायण पेठ, पुणे
६ मे २०२४

चि. तनयास आशीर्वाद.

याहून जास्त सांगण्यासारखं तुझ्याजवळ पुष्कळ होतं.

तुझं पत्र आल्यावर मी यांना म्हटलं, की चेहरा पुन्हा काढा. नाही म्हणाले. मी फळा आणला, कागद लावला, खुर्ची ओढली आणि समोर बसले. यांनी ब्रश उचललाच नाही. तेव्हा माझा तोल गेला. त्या मुलीने तुमचं चित्र नासवलं आणि तुम्हाला त्याचं काहीच नाही, असं मी बोलले. तुझ्याविषयी आणखीही दोन शब्द बोलले, ते इथे लिहीत नाही.

हे म्हणाले, की तिला बोलू नकोस, मी सांगितलं म्हणून तिने केलं. मी सुतळी आणायला खाली गेले होते, तेवढ्यात यांनी नळकांड्यात चिठ्ठी घातली होती. झेरॉक्सला का चिडले तेही आता कळलं. हललेला कागद कुठेच राहायला नको होता.

मी विचारलं, मग एकोणीस दिवस मला बसवलं कशाला? म्हणाले, लोकांनी तुला बघावं, माझं दुखणं नाही. मी म्हटलं, त्या दुखण्याबरोबर राहते कोण? बटणं लावताना पूर्वी मी बडबड करत असे. त्यानंतर दोन दिवस नुसती बटणं लावली.

यांचं मी बघेन. पण तू माझ्याशी खोटं लिहिलंस. त्यांना पाठीशी घालण्यासाठी असेल, तरी खोटंच. तुझ्या बोलण्यावर विसंबून मी इतके दिवस एका निरपराध मुलीला शिव्या दिल्या. चिठ्ठीत काय होतं ते मला अक्षरशः कळव.

सुनीतीकाकू


क्योतो
१७ मे २०२४

ती. सौ. काकूस सा. न. वि. वि.

चिठ्ठीतला मजकूर असा: चि. तनू, हात हलला आहे तिथे तू सरळ धर. पूर्वी काढायचो तसं कर. तुला माझी जुनी रेघ ठाऊक आहे. काकूला सांगू नकोस.

मूळ चिठ्ठी सोबत पाठवते आहे. वाचायला वेळ लागेल, अक्षर फार हललं आहे.

तुझी अट आणि ही चिठ्ठी मी एकाच दुपारी उघडली. दोघाही वडीलधाऱ्यांनी एकमेकांना न सांगता मला सांगितलं होतं. कोणाचं ऐकायचं होतं, ते अजूनही मला कळत नाही. पण तू निरपराध म्हणालीस, ते बरोबर नाही. नुसत्या चिठ्ठीसाठी केलं असतं, तर आधी तुला फोन करून विचारलं असतं. मी विचारलं नाही, कारण काकांचा हात तसा मलाच बघवत नव्हता. त्यांनीच मला रेघ ओढायला शिकवली. जानेवारीत ठोकळ्यावर ती वाकडी दिसली आणि मी घाबरले. चिठ्ठीने मला सोडवलं.

ठोकळ्याचं काय करू, ते तू सांग.

तुझी,
तनया


॥ श्री ॥
नारायण पेठ, पुणे
२ जून २०२४

चि. तनयास अनेक आशीर्वाद. वि. वि.

चिठ्ठी मिळाली. वाचायला मला वेळ लागला नाही. ते अक्षर मी रोज वाचते.

ठोकळ्यावरच्या माझ्या चेहऱ्याला हात लावू नकोस. यांना जे हवं होतं ते यांनी मिळवलं, आणि चित्र यांचं आहे. मला ते पटलेलं नाही, पटणारही नाही. छाप मी बाहेरच्या खोलीत लावला आहे, कारण घर दोघांचं आहे. येणारा प्रत्येक माणूस हात काय स्थिर आहे असं म्हणतो, हे हो म्हणतात आणि मी चहा ठेवायला उठते. चहा फार होतो आहे हल्ली.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. ती रेघ तुझ्या काकांची नाही, तुझी आहे. मग खाली एकट्या यांचं नाव का? लाकडाचा नवा तुकडा बसवून कोरता येतं, असं तूच लिहिलं होतंस. यांच्या सहीशेजारी तुकडा बसव आणि त्यावर तुझं नाव कोर, पूर्ण नाव. पुढचे सगळे छाप दोन्ही नावांनी निघतील. तुमच्याकडे तशी पद्धत नसेल तर हिरानो-सानांना सांग, पुण्याहून हुकूम आहे.

यांना हे परवा सांगितलं. आधी तोंड फिरवलं. संध्याकाळी म्हणाले, की लिहायला बस, मी सांगतो. पुढचा मजकूर त्यांचा आहे.

चि. तनू, काकू म्हणते ते कर. तुझं नाव… मोठं नको, माझ्याएवढंच. मी तुला फसवायला लावलं, ते माझं चुकलं. मला वाटलं, सरळ दिसली रेघ तर… तर मीही तसाच दिसेन. शाळेतल्या पोरांना मी सांगायचो, खोडरबर वापरू नका. विसरलो. तुझा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा… चांगला आहे. जप.

इथे यांचं सांगणं संपलं. सांगताना जिथे थांबले तिथे मी टिंबं दिली आहेत. एके ठिकाणी फार वेळ थांबले, तिथेही तीनच दिली, जास्त देता येत नाहीत. बाकी एक अक्षर मी बदललेलं नाही.

नाव कोरून झालं की छाप पाठव. येत जा अधूनमधून. रागावलेल्या माणसांकडेसुद्धा यायचं असतं.

तुझी,
सुनीतीकाकू