नासपतीच्या रांगेतली मोकळी जागा

टॉल्सन, कॅलिफोर्निया
५ मार्च १९७१

प्रिय मानफाय,

अनेक आशीर्वाद. तू हाँगकाँगहून पाठवलेली वाळवलेली संत्र्याची साल पोचली. डबा उघडला आणि घरभर आईचं स्वयंपाकघर दरवळलं. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. नदीही यंदा शहाण्यासारखी वागली.

नदीच्या बांधावरच्या या गावात वाढलेल्या आपणा सगळ्यांचं एक दुखणं तुला सांगायला नको. घरं आपली आणि खालची माती टॉल्सनची! चिनी म्हणून कायद्यानं आपल्या बापांना वीतभर जमीन घेऊ दिली नाही. गाव आपण वसवलं आणि नाव मात्र जमीनमालकाचं. तू म्हणशील, ताईचं भाषण सुरू झालं. झालंच. पण आज ते नेहमीच्या जागी संपणार नाही.

तुंग वाण्याची नात मेलिन कॉलेजात शिकते. गावाचा इतिहास लिहायचा म्हणून टेपरेकॉर्डर घेऊन आली. मी जोरात सुरू केलं: शेजारच्या गावात आग लागली, आठ पुरुष टॉल्सनकडे गेले, तोंडी करार झाला, कागद नाही, सही नाही.

"थांबा आजी," ती म्हणाली, "सुतारांना जेवायला कोण घालत होतं?"

"आमची आई. तंबूत चूल मांडून."

"आणि घरांच्या वरच्या मजल्यांचे दरवाजे बांधावर उघडतात, ही कल्पना कुणाची?"

तेव्हा मी सहा वर्षांची होते, पण मला स्वच्छ आठवतं. पुरुषांनी खाली सपाटीवर दोऱ्या ताणल्या होत्या. आई हातात पळी घेऊनच आली आणि म्हणाली, "पूर आला की काय पोहत बाहेर पडणार? वरचा दरवाजा बांधावर काढा." पाकहिंग काका हसले, "वहिनी, भात करपतोय, तिकडे बघा." भात खरंच करपला होता. पण दोऱ्या दुसऱ्या दिवशी बांधाला लागून ताणल्या गेल्या. पन्नास वर्षं मी आठ पुरुषांची नावं गर्जत आले. हे कधीच सांगितलं नाही.

पोरगी चौकस. दुसऱ्या दिवशी बागेत फिरून आली. "इथं पुरलेल्या सगळ्या पुरुषांच्या अस्थी उकरून मायदेशी नेल्या, मग त्या जागेवर नासपती लावली, बरोबर? पण रांगा इतक्या सरळ, आणि एका झाडाची जागा मोकळी का?"

मी तिला चहा दिला आणि विषय बदलला. तुझ्यापुढे बदलता येत नाही.

१९४७ साली अस्थी न्यायला माणसं आली, तेव्हा यादी मी लिहिली. गावातल्या चिनी मंडळानं बाईच्या हातात नोंदी लिहायचा कुंचला प्रथमच दिला होता. मला केवढा अभिमान! बाबांचं नाव लिहून मी आईचं लिहायला घेतलं, तर पाकहिंग काका म्हणाले, "बायकांचं नाही न्यायचं. त्या जिथं गेल्या तिथंच. नियम आहे." युद्धाच्या वेळी जपान्यांविरुद्ध भर रस्त्यात ओरडणारी मी, मानफाय, मी चकार शब्द काढला नाही. कुंचला परत मागतील म्हणून.

ज्याचा देह सापडत नाही त्याचे कपडे पेटीत घालून आत्म्याला बोलावतात, तशी पेटी मी भरली. आईचा निळा अंगरखा, फणी, नासपती कापायची सुरी. वर लिहिलं, अस्थी. बोटीवर चढताना तू म्हणालास, "ताई, पेटी फार हलकी आहे गं." मी हसले. म्हटलं, "आई होतीच कुठं जड?"

ती पेटी तू गावी नेऊन बाबांशेजारी पुरलीस. त्या थडग्याचा फोटो चोवीस वर्षं तुझ्या देव्हाऱ्यात आहे, तुझी मुलं त्यापुढे वाकतात. आई तिथं नाही. ती इथं आहे, त्या मोकळ्या जागेत. ते एक झाड लावू नकोस म्हणून मी बागेच्या मुकादमाच्या पाया पडले होते.

आता टॉल्सनचे वारस बाग उपटून रस्ता रुंद करणार आहेत. कबर आहे असं हयात असलेल्या सगळ्या मुलांनी लिहून दिलं तरच ती जागा सोडतील. मुदत एप्रिलअखेर. आपण दोघंच उरलो. सही केलीस तर तुझ्या देव्हाऱ्यातल्या फोटोतली कबर रिकामी होती, हे तुला मुलांना सांगावं लागेल. ते सोपं नाही. माझं नाव सांग. ताईनं फसवलं म्हण, कारण ते खरं आहे.

पण विचार कर. आठही संस्थापक निघून गेले. या मातीनं आपल्यातलं एकच माणूस ठेवून घेतलं, आणि दरवाजे कुठं उघडावेत हे त्याच माणसानं ठरवलं होतं. कायद्यानं न दिलेली जमीन ती गेल्यापासून तेहतीस वर्षं तिनं धरून ठेवली आहे.

सोबत अर्ज आहे. मृत व्यक्तीच्या रकान्यात मी यावेळी कुणाला न विचारता लिहिलं आहे: लाम सौहा. त्याखाली माझी सही आहे, शेजारची रेघ मोकळी आहे. मानफाय, तिथं सही कर आणि उलट टपाली पाठव.

पेटी भरणारी,
तुझी ताई
सुकवान