बॉयलरची अंगाई

ता. ४ जून

चि. धाकट्या भावास आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र नेहमीसारखं नात लिहून घेते आहे, म्हणून शिव्या बेताने देते. काल रेडिओवर तुझी मुलाखत ऐकली आणि हातातली कपबशी निसटली. घरोघरी गातात ती तुझी अंगाई म्हणे आईने पाळण्याशी गायलेली! आपल्या आईने? ती तर पळी दाखवून झोपवायची आपल्याला.

‘नीज गं राणी, नको फणफणू’ हे आमच्या लॉन्ड्रीतल्या बॉयलरचं गाणं. माझ्या जोडीने बॉयलर सांभाळणाऱ्या सुतळीने रचलेलं. तिला नि मला वाफेच्या दाबाच्या काट्यावरचे आकडे वाचता येत नव्हते. गाणं एकदा म्हणून संपलं की वाफेची तोटी सोडायची, की पुन्हा पहिल्यापासून. तू तिथेच कपड्यांच्या चिठ्ठ्या लिहायचास, तुला ठाऊक नाही होय? बॉयलर फुटून ती गेली, तेव्हापासून मी ते ओठांवर आणलं नाही. तू गाणं घेतलंस, त्याचं काही नव्हतं; कधीतरी तिचं नाव घेशील असं वाटलं होतं. पुढच्या महिन्यात तुझा सत्कार आहे. तिथे घे. नाहीतर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन, आणि माझा आवाज तुला माहीत आहे.

लोभ आहे, किती राहील ते तू ठरव.

आक्काचा अंगठा

ता. ११ जून

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

पळीचं वाचून हसलो. पुढचं वाचून पत्र घडी करून ठेवलं.

त्या दिवशी तू तापाने घरी होतीस, सुतळी एकटी होती. मला ते गाणं कागदावर हवं होतं. ती भरभर म्हणायची, माझा हात मागे पडायचा. मी म्हणालो, एकदाच सावकाश म्हण. लिहिणाऱ्यांचे हात भारी जड, असं म्हणून ती हसली आणि शब्द न् शब्द थांबत थांबत म्हणाली. मी कागद घेऊन दाराबाहेर पडलो, ती तोटीकडे वळली, आणि मागे आवाज झाला.

सुतळीचं नाव घेतलं असतं, तर हेही सांगावं लागलं असतं. म्हणून आईला पुढे केलं. सत्काराला नको म्हणून कळवतो. लोभ मागायला तोंड नाही.

तुझा धाकटा

ता. १९ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

वाचता वाचता नात मध्येच थबकली. मी म्हटलं, थांबू नकोस.

इतकी वर्षं मला वाटायचं, सुतळी तोटी सोडायला विसरली. मनातल्या मनात धांदरट म्हणत आले तिला. ती विसरली नव्हती. हे मला पन्नास वर्षांपूर्वी सांगायचंस, गाढवा. राग आहे, आणि तो राहणार आहे.

सत्काराला जायचं, आणि सगळं सांगायचं. आणखी एक. शेजारची सून रोज ते गाणं लावते. सारं जग ते सावकाश गातंय, तू उतरवून घेतलंस तसंच, त्या दिवसाच्या वेगाने. आता मला ते ऐकवत नाही रे. तिची खरी चाल माझ्या एकटीकडे उरली आहे. रविवारी ये, शिकवते. या वेळी कागद आणू नकोस.

जेवायलाच ये; लोभाचं नंतर बघू.

आक्काचा अंगठा