काकूंपुढे न वाचलेला लेख

अण्णा, तुमच्या आठवणींचा अंक काढायचं ठरलं आहे आणि माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. मागणारे आपले इंदिरानगरचे इंजिनियर. तेही आता काठी घेऊन चालतात. फोनवर म्हणाले, अण्णांबद्दल चांगलं तुम्हीच लिहू शकाल, तुमची भाषा त्यांनीच घडवली. ती तुम्ही घडवलीत, हे मी नाकारत नाही. पण चांगलं लिहायचं की खरं, हे ठरेना, म्हणून आधी तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की आता मध्येच तोडायला कोणी नाही. जिवंतपणी तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. मी एका प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होते. सगळं शिक्षण नन्सच्या हाताखाली झालेलं, मराठी फक्त घरात बोलण्यापुरती. इथे बंगळुरात, तुमच्या शिवाजीनगरच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी मराठीतून विज्ञान लिहिणारे जमतात असं कळलं आणि मी माझा पहिला लेख घेऊन आले. दूध तापवल्यावर त्यातले जंतू का मरतात, असा काहीसा विषय होता. तुम्ही पहिला परिच्छेद वाचलात, चष्मा काढून ठेवलात आणि म्हणालात, "कॉन्व्हेंटबाई, हे वाक्य इंग्रजीच आहे, नुसती साडी नेसून आलंय." सगळे हसले. मी हसले नाही. बस येईपर्यंत स्टँडवर उभी राहून ते वाक्य मनात मोडलं आणि पुन्हा बांधलं, आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत तो लेख परत तुमच्यापुढे ठेवला. तेव्हापासून ते नाव मला चिकटलं.

त्या खोलीतला सगळ्यात मोठा नियम लिहून ठेवलेला नव्हता, पण तो मोडायची कोणाची छाती नव्हती. तुमच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, ऐकल्याशिवाय कुठलाही लेख आपल्या त्रैमासिकात जात नसे. काकूंचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. घरी मराठी, शाळा कन्नड; देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. त्या स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसत, मांडीवर ताट, हातात निवडायचे तांदूळ. लेखकानं आपला लेख मोठ्यानं वाचायचा. कळेनासं झालं की काकूंचा हात वर जायचा. "स्वल्प थांबा," म्हणायच्या. मग लेखक कितीही मोठ्या संस्थेत काम करत असो, त्यानं तो परिच्छेद घरी नेऊन पुन्हा लिहायचा. हात वर न होता लेख संपला की काकू कानडीत म्हणायच्या, "सरी," म्हणजे ठीक आहे, आणि कॉफी टाकायला उठायच्या. त्या एका शब्दासाठी आम्ही महिनाभर राबायचो. तुम्ही अभिमानानं सांगायचात की हिला कळलं तर कुणालाही कळेल. तेव्हा मला ते कौतुक वाटायचं. आता वाटतं, हे तुम्ही त्यांच्या देखत कसं काय बोलत होतात.

आणि तुमचं धाडस. ग्रहणाच्या दिवशी सगळी गल्ली दारं लावून बसली असताना तुम्ही रस्त्यात खुर्ची टाकून कोडबळी खाल्लीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना काळ्या काचेतून सूर्य दाखवलात. आनेकलच्या शाळेत जाऊन अंगात येणं म्हणजे काय हे तुम्ही मुलांच्या आयांना समजावलंत, आणि एका बाईचा नवरा अंगावर धावून आला तरी जागचे हलला नाहीत. मी तिथे होते. तुम्ही त्याला शांतपणे बसायला सांगत होतात. म्हणूनच पुढचं मला आजही गिळता येत नाही.

स्तनांच्या कर्करोगावर मी लेख लिहिला, तेव्हा माझ्या मते तो माझा सगळ्यात साधा, स्वच्छ लेख होता. गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणूनच बायका थांबतात, एवढं एक जरी कोणाच्या डोक्यात बसलं तरी पुरे, असं मनात धरून लिहिला होता. आपल्या हातानं आपणच कसं तपासायचं तेही होतं. रविवारी मी वाचायला उभी राहिले. काकू दारात येऊन बसल्या होत्या. तुम्ही शीर्षक पाहिलंत, तुमचा चेहरा बदलला, आणि तुम्ही काकूंना म्हणालात, "तू आत कॉफीचं बघ." मग आम्हाला, आवाज उतरवून, "हा थेट छापू. उत्तम झालाय. असलं चारचौघांत मोठ्यानं कशाला?" खोलीत एवढी शिकलेली माणसं बसली होती, सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, नियम आहे. तुम्ही हसून म्हणालात की नियम आपण केलेत. काकूंनी ताट उचललं आणि त्या आत गेल्या. लेख छापून आला, त्याचं कौतुकही झालं. अंकांचे गठ्ठे तुमच्या पलंगाखाली होते. त्याच पलंगावर काकू झोपत होत्या.

वर्षभरानं त्या इस्पितळात होत्या. मी डबा घेऊन गेले तेव्हा त्यांचा दंड सुजला होता आणि डॉक्टर आमच्याशी फार बोलत नव्हते. काकू मात्र बोलत होत्या. मागच्या दसऱ्याच्या आधीपासूनच छातीत गाठ हाताला लागत होती, म्हणाल्या. "दुखत नव्हतं की गं. दुखलं असतं तर सांगितलं असतं." मी विचारलं, माझा लेख तुमच्या कानावर नाही आला? त्यांनी आठवून पाहिलं. "यावर लिवलंस तू? कधी? माझ्यापुढं तर सगळेच वाचतात."

 मी बोलले ते बाहेर व्हरांड्यात, तुमच्याशी, आणि नर्सनं दोनदा येऊन मला गप्प केलं. सूर्याला घाबरत नाही आणि बायकोच्या अंगाच्या नावाला घाबरता, असं मी म्हटलं. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "माझ्या डोक्यातच आलं नाही, की हिलासुद्धा होऊ शकतं." अण्णा, आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंत. काकूंचे कान तुम्ही सगळ्यांसाठी वापरलेत. त्या कानांच्या खाली एक शरीर होतं, एवढंच तुमच्या ध्यानात आलं नाही.

काकू गेल्यावर मी एकाच बैठकीला आले. कोणीतरी पाण्याच्या पातळीवर लिहिलेलं वाचत होतं. लेख संपला आणि सगळे सवयीनं दाराकडे बघत राहिले, तुम्हीसुद्धा. 'सरी' म्हणायला कोणी नव्हतं. कॉफीही नव्हती. मी पिशवी उचलली आणि निघाले. तुम्ही हाक मारलीत, कॉन्व्हेंटबाई म्हणून नव्हे, पहिल्यांदाच माझ्या नावानं. मी वळले नाही.

परवा अंकासाठीची दोन पानं लिहून झाली. त्यात ग्रहण आहे, साडी नेसलेलं वाक्य आहे, आणि एक ओळ अशी आहे: काकूंनी ऐकल्याशिवाय अण्णांनी कुठलाच लेख छापला नाही, एक सोडून. नियम म्हणून ती पानं मी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला वाचून दाखवली. ती विजापूरकडची, साड्यांच्या दुकानात कामाला आहे, विज्ञानाशी संबंध नाही. त्या ओळीवर तिनं हात वर केला. मी तिला ही पद्धत सांगितलेली नव्हती. "थांबा अक्का. कुठला लेख तो?"

मग मी तिला तो सांगितला. कागद नव्हता, पण सगळा पाठ होता. आणि अण्णा, आता कबूल करते. दार उघडं होतं, जिन्यात पुरुषमाणसं बोलत उभी होती, आणि 'स्तन' हा शब्द आला तेव्हा माझा आवाज खाली गेला, अगदी तुमचा गेला होता तसाच. तिनं पुन्हा हात वर केला. ऐकू आलं नाही म्हणाली. मला परत म्हणावा लागला.