भंतेंच्या कुटीचं आढं

७ मे १९७४, मंगळवार

काल बुद्धजयंतीच्या सभेत नको तेवढं बोललो. आता भोगा! वस्तीतल्या ग्यानबानं भंतेंचं पत्र वाचून दाखवलं. यंदा आषाढी पौर्णिमेपासून पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासाला, ते आमच्या वस्तीत राहायला तयार आहेत. अट एकच — त्यांच्यासाठी एकही हिरवं झाड तोडायचं नाही. पण राहणार कुठे? एकाच्याही घरात वेगळी खोली नाही. म्हणून लाकडी कुटी बांधायची, ओढ्याकाठच्या माझ्या तुकड्यात. ग्यानबा म्हणाला, 'दौलतराव हायत ना, बांधकाम खात्यातले!' झालं. मी उठलो आणि छाती फुगवून सांगितलं, ज्याच्या घरी जे जुनं लाकूड असेल ते आणा, कुठलंही चालेल, लाकडाला जात नसते. केवढ्या टाळ्या! टाळ्या वाजवायला काय जातं.

१० मे

नकाशा पुरा झाला. दहा बाय बारा. खांब जमिनीत पुरायचे नाहीत, दगडांवर उभे करायचे — ओल नको, वाळवी नको. खिळा एकही नाही. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे, म्हणजे पुढेमागे सोडवून दुसरीकडे उभी करता येईल. पुढे बसायला ओसरी, वर कवेलू.

एकतीस वर्षं विश्रामगृहांचे नकाशे काढले. कोपऱ्यात सही कायम वरच्या साहेबाची. रिटायर झाल्यावर हा पहिला नकाशा माझा. कोपऱ्यात सहीची चौकट आखून रिकामी ठेवली आहे. काम झालं की करीन.

१८ मे

लाकूड आलं! काय काय आलं — मोडकी तिफण, बैलगाडीची साटी, दोन चौकटी (एक तिरपी), खाटेचे सात पाय. सात! आठवा कुठे गेला विचारलं तर म्हणे चुलीत. एकीनं पाळणा आणला. मी म्हटलं, बाई, भंते पाळण्यात झोपणार आहेत का? ती म्हणाली, 'तुमीच तं म्हनलं, कुठलंबी चालते.'

माझंच वाक्य जो तो मलाच ऐकवतो.

१९ मे

नकाशा पुन्हा काढला. तिसऱ्यांदा.

२७ मे

अनसिंगहून हबीब मिस्त्री आला. पासष्टीचा असेल. टेप वापरत नाही, गाठी मारलेली सुतळी वापरतो. लाकडावर बोटाची टिचकी मारतो, कान लावतो, मग ठरवतो. माझा नकाशा त्यानं दुमडून पानाच्या डब्याखाली ठेवला आहे, वाऱ्यानं उडू नये म्हणून! म्हटलं, मिस्त्री, जरा बघा तरी. 'पाह्यला न साहेब. अच्छा हाय. पन हे लाकूड तुमच्या कागदाचं आयकत नाही, मी काय करू?'

संताप झाला. संध्याकाळी बघतो तर तिरप्या चौकटीचं दार अगदी गुण्यात, काटकोनात आलेलं. तरी मी त्याला काही बोललो नाही. चढून बसेल.

८ जून

खांब उभे. भिंतींना साटीच्या फळ्या. पाळण्याच्या दांड्या खिडकीला गज म्हणून बसल्या (हबीबची अक्कल. नकाशात मी दाखवून टाकलं).

आता आढं नाही! छपराच्या शेंड्याला लांब, सरळ लाकूड लागतं, चौदा फूट. सगळं छप्पर त्याच्यावर. गावात नऊ फुटांच्या वर काही नाही. वाशीमच्या वखारीत आहे, पण ते ताजं तोडलेलं सागाचं — म्हणजे भंतेंची अट मोडली. ग्यानबा म्हणतो, 'भंतेजीले कोन सांगून राह्यलं?' असल्या लोकांबरोबर काम करायचं!

११ जून

जेवताना माय सहज म्हणाली, 'आपल्या मांगच्या पडवीत हाय ना सागाचं. वळचणीले. तुले दिसत नाही काय?'

हातातला घास तसाच राहिला.

मला दिसतं. अठरा वर्षं दिसतं आहे. बाबांचा तो दांडा. गावात ढोर मेलं की ते ओढून नेणं आमच्या माणसांवर होतं. चार पाय बांधायचे, दोर त्या दांड्यात अडकवायचा आणि दांडा खांद्यावर. बाबा पुढे असत. उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा होता, सदरा नीट बसत नसे. शाळेतून येताना ते दिसले की मी रस्ता बदलायचो. छप्पन साली दीक्षा घेतली आणि ते काम सगळ्यांनी सोडलं. दांडा जाळायचा ठरला होता. मायनं जाळू दिला नाही — 'चांगलं लाकूड कायले जाळता?'

तेच आता भंतेंच्या डोक्यावर? मी ओरडलोच. ती शांतपणे म्हणाली, 'लाकडाले जात नसते म्हनून सभेत कोन बोललं?'

ताटावरून उठलो.

१२ जून

मायशी अबोला.

१९ जून

मानोऱ्याला एका जिनिंगचं जुनं छप्पर उतरवतात असं कळलं म्हणून गेलो होतो. दोन दिवस गेले. लाकूड आधीच कुणी नेलं होतं. एसटी बंद पडली, चार मैल चाललो.

ओढ्याकाठी येऊन बघतो — आढं चढलेलं! वासेसुद्धा जोडलेले. हबीब खाली बसून पान लावत होता. 'काय लाकूड हाय साहेब! एक भेग नाही. माईनंच देल्लं.' दोन्ही टोकं कशानं इतकी गुळगुळीत झाली ते त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो म्हणाला, 'रंधा मारला मी. पन मधात दोराची खाच हाय, ते नाही निघत. खोल हाय.'

आढंच काढून टाका म्हटलं. तर म्हणाला, काढलं तर सगळे सांधे सोडावे लागतील, पौर्णिमेपर्यंत पुन्हा होणार नाही. म्हणजे कुटी नाही, भंते नाहीत. मायला विचारलं, काहून केलं असं? तिनं मान वर केली नाही. तांदूळ निवडत म्हणाली, 'तुया बापाचा खांदा हाय त्याच्यात. तुले लाज वाटते, मले नाही वाटत.'

मला राग आला आणि रडूही आलं. यातलं कुठलं आधी ते सांगता येणार नाही.

२५ जून

ग्यानबानं दांडा ओळखला. 'हा तं उकंडामामाचा दांडा!' उकंडा म्हणजे माझे बाबा. मग बैठक. अर्धे म्हणाले उतरवा, अर्धे म्हणाले आता राहू द्या. उतरवायला वर चढायला एकही तयार नाही. शेवटी ठरलं — खालून पांढऱ्या कापडाचं छत लावायचं आणि भंतेंना काही सांगायचं नाही. ठराव कुणी मांडला? मी.

माय म्हणाली, 'झाकून टाक. तुले तेच येते.'

२ जुलै

छत लावलं. छान दिसतं. जिवाला मात्र स्वस्थता नाही.

३ जुलै

भंते आले. उंच, सावळे, पन्नाशीचे. वाशीमहून अनसिंगपर्यंत एसटी, पुढे पायी. कुटीभोवती फिरले, खुंटीचे सांधे बोटांनी चाचपले, हबीबला हात जोडले. हबीब लाजला. मग आत गेले आणि वर बघून म्हणाले, 'हे कापड कशाला? वारा अडतो.' मी काहीतरी बोललो — धूळ पडते, पाली पडतात. 'पडू द्या,' म्हणाले आणि स्वतःच एक कोपरा सोडला. सगळं छत खाली आलं.

ते वर बघत राहिले. बराच वेळ. ग्यानबा हळूच बाहेर सटकला. आता हे पिशवी उचलतील आणि निघतील, असं मला वाटलं. ते फक्त म्हणाले, 'आता विश्रांती घेतो.'

४ जुलै, पौर्णिमा

सकाळी मायनं भंतेंना पेज नेली. मी मागे. भंते आढ्याच्या खाचेकडे बोट करून म्हणाले, 'आमच्या गावी सहा जण लागायचे. माझे वडील मागच्या बाजूला असत. तुमच्याकडे?'

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, 'चार. पुढे, उजव्या खांद्यावर, माझे बाबा.'

घरी आलो. नकाशाच्या कोपऱ्यातली चौकट रिकामी होती. तिथे लिहिलं — उकंडा.