भुईफोडचा एकेचाळिसावा अंक

प्रिय म्हाळू,

रतनचा मेसेज मिळाला. तुझी नात तुमच्या कडा गावच्या शाळेत सहावीत गेली आणि तुझी लेखनिकही झाली, हे फार बरं झालं. नाहीतर बारा वर्षं तुझी खबर काढायची म्हणजे गेवराईच्या बाजारात तुमच्यातलं कुणी मेंढरंवालं दिसलं की गाठायचं आणि विचारायचं. तो म्हणणार, "म्हाळू? हाय की बरा." संपली खबर. रतनने मात्र तुझं बोलणं जसंच्या तसं उतरवलंय. "भारत, बारा वर्सं झाली, तू कायबी सांगितलं न्हाईस. समदं सांग. आन भुईफोड कसा हाय?" खाली तिने स्वतःचा एक प्रश्न जोडला आहे. दोन्हींची उत्तरं देणार आहे, पण माझ्या क्रमाने. आपला नियम तूच केलेला आहेस, अंक गाळायचा नाही.

तर ऐक. 'अग्निकुंड चित्रकथा' अजून निघते, आणि जी निघते ती बघून शिसारी येते. वीजधर आठवतो ना, ज्याच्या तळहातातून वीज निघायची? तुला तो कधीच आवडला नाही, "लई मिजास हाय त्याची" म्हणायचास. त्याला त्यांनी पाच वर्षांपूर्वी मारला. चांगला मारला होता, सोळा पानं खर्ची घातली होती, त्याच्याबरोबर लढणारी कांचनी त्याच्या प्रेतावर पडून रडली होती. मीही गेवराईच्या स्टँडवर बसून अंक वाचताना डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. चौथ्या महिन्यात हा बाबा उठून उभा! म्हणे मेला तो त्याच्यासारखा दिसणारा दुसराच होता. मग पुन्हा मारला. पुन्हा उठवला. आता तर असं झालंय की वीजधर मेला की मी चहा सांगतो आणि पुढचं पान उलटतो. मरण म्हणजे काय यांना एसटीचं स्टँड वाटलं, उतरले, लघवी केली, परत चढले?

कांचनीचं लग्न तू चुकवलंस. धूमकशी झालं. धूर होऊन भिंतीतून जाणारा तो, मुका, तुझ्या आवडीचा. झकास अंक होता तो. दोन वर्षं सुखाने नांदली ती दोघं. मग कंपनीतल्या कुणा शहाण्याला वाटलं, संसारी बाई खपत नाही. म्हणून घटस्फोट नाही, भांडण नाही, सरळ एका अंकात काळ मागे फिरवला आणि लग्न झालंच नव्हतं असं ठरवलं. धूमक तिच्या शेजारून जातो आणि तिला ओळखत नाही. माझी बायको मालन चित्रकथेला हात लावत नाही, पण तो अंक मी तिला सांगितला तर भाकरी थापता थापता म्हणाली, "हे मातर लई वंगाळ झालं बघा." आणि शोषक! गावंच्या गावं कोरडी करणारा, नद्या पिणारा शोषक! तो आता चांगल्यांच्या बाजूने लढतो. लहानपणी त्याला म्हणे कुणी पाणी दिलं नव्हतं, म्हणून तो तसा झाला. मी अंक फेकून दिला होता. मग उचलून आणला, कारण तुला सांगायचा होता.

आणि हे सगळं करून भागलं नाही की कंपनी सगळं विश्वच मोडते आणि नव्याने मांडते. अंक पुन्हा एकपासून. बारा वर्षांत तीनदा झालं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपलं ग्राहक भांडारच आठवलं. तुझ्या डोळ्यांदेखत ते एकदा बुडालं. तू गेल्यावर दोनदा बुडालं. दर वेळी नवीन नाव, नवीन पाटी, नारळ, आणि चेअरमन तेच अर्जुनराव. भाषणही तेच. मी सोसायटीचा गटसचिव, मला स्टेजवर बसावं लागतं. मागच्या वेळी ते "आजपासून नवी सुरुवात" म्हणाले आणि मी पाण्याचं निमित्त करून मागे गेलो. मागे म्हणजे कुठे, तर त्याच खोलीत. आठवतं? जिथे माझे बाबा पोती रचायचे.

रतनला हे माहीत नसेल, म्हणून तिच्यासाठी लिहितो. वाच गं मोठ्याने. तुझ्या आजोबांच्या आणि माझ्या लहानपणी तलवाड्यात चित्रकथा विकत घेणारं कुणी नव्हतं. गेवराईच्या भांडारात साखर, रॉकेल, वह्या यांच्याबरोबर अंक यायचे. जे खपायचे नाहीत त्यांचं फक्त मुखपृष्ठ फाडून कंपनीला परत पाठवायचं असा रिवाज होता, उरलेला अंक रद्दीत. माझे बाबा, बन्सी, तिथे हमाल होते. ती बिनकव्हरची रद्दी ते मला आणून द्यायचे. त्यामुळे आम्ही ढीगभर अंक वाचले आणि एकाचंही मुखपृष्ठ कधी पाहिलं नाही. कोणत्या गोष्टीचं नाव काय, हे आम्हाला ठाऊकच नसायचं, अंकाचा आकडा तेवढा आतल्या पानावर असायचा. तुझे आजोबा दिवाळी झाली की घरच्यांबरोबर मेंढरं घेऊन निघायचे, ते मृगालाच परत यायचे. शाळा अशी त्यांना मिळालीच नाही. म्हणून आले की विहाराच्या ओट्यावर बसायचं, घोंगडी टाकायची, आणि मागच्या सात महिन्यांचे सगळे अंक मी वाचून दाखवायचे, एकही न गाळता. माझी आई, केशरबाई, शेजारच्याच आमच्या घरातून ओरडायची, "आरं त्याला आदी भाकर तर खाऊ दे!" तुझे आजोबा म्हणायचे, "थांब की मावशे, भुईफोड जमिनीखाली अडकलाय."

भुईफोड तुझा, म्हाळू. हातात ना वीज ना तलवार. नुसता जमिनीत शिरायचा आणि हवा तिथून वर यायचा. मातीने माखलेला, बुटका, कुणी त्याच्याबरोबर फोटो काढून घेणार नाही असा. तू म्हणायचास, "ह्यो आपल्यातला हाय."

आता शहाऐंशीच्या दुष्काळाकडे येतो. इथपर्यंत मी रागाच्या भरात भराभरा लिहिलं. इथून पुढे अक्षर वेडंवाकडं दिसलं तर रतनला सांभाळून घ्यायला सांग.

त्या वर्षी तुम्ही मेंढरं घेऊन पार नदीच्या खाली गेलात. तुझा थोरला भाऊ आसाराम मागे राहिला होता, रोजगार हमीच्या विहिरीवर. फाल्गुनात ती विहीर ढासळली. मी तिथे होतो म्हाळू, सगळं गाव होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला गेलेलाच वर काढला. तुम्हाला निरोप पोचेपर्यंत नववा दिवस उजाडला. तुझा बाप एकटा येऊन गेला, मेंढरांपाशी तुला ठेवून. तू मृगात आलास. आठ दिवस माझ्याकडे फिरकला नाहीस. मग एका सकाळी ओट्यावर येऊन बसलास, घोंगडी न टाकता, आणि इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलंस, "भुईफोड कसा हाय?"

अंक माझ्या सदऱ्याखाली होता. एकेचाळिसावा. मी तो सोळा वेळा तरी वाचला होता.

मी म्हणालो, एकेचाळिसावा आलाच नाही, दुष्काळामुळे भांडारात मालच कमी येतो, पण बेचाळिसावा मी तिथेच उभ्याने वाचून आलोय. आणि तुला सांगितलं की शोषकाने जमीन मिटवली तेव्हा भुईफोड खालीच अडकला, वर सगळे रडले, पण तो खालून खालून गोदावरीच्या तळाला गेला, पात्राखालचं साठलेलं पाणी त्याने फोडलं, आणि ते पाणी पाठीमागे घेत एका कोरड्या विहिरीतून वर आला. तोंडाने बोलत होतो आणि एका हाताने सदऱ्याखालचा अंक दाबून धरला होता. संपल्यावर म्हणालास, "वर आला ना? मग ठीक हाय." आणि घोंगडी टाकून आडवा झालास.

त्यानंतर दर वर्षी तू तेच विचारलंस आणि दर वर्षी मी सांगत गेलो. तू मिशीचा झालास, तुझं लग्न झालं, लेकरं झाली, तरी मृगात आलास की पहिला प्रश्न तोच. सव्वीस वर्षं. वीजधर, कांचनी, धूमक यांचं मी छापलं तसंच सांगितलं, शब्दही बदलला नाही. भुईफोडचं मात्र मी सोसायटीच्या मीटिंगा चालू असताना मनात जुळवायचो. मग दोन हजार तेराचा दुष्काळ आला, चारा छावणीत गायी-म्हशी घेतल्या आणि मेंढरू नियमात बसत नाही म्हणाले. छावणीच्या नोंदीला तेव्हा मीच टेबलामागे बसलो होतो आणि गप्प राहिलो, तीही लाज आहे. तू कड्याकडे निघून गेलास. मला वाईट वाटलं. आणि तुला खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं.

आता रतनचा प्रश्न. तिला शाळेच्या बक्षिसात जुन्या अंकांचा एकत्रित ग्रंथ मिळाला आहे, मुखपृष्ठांसकट, एक ते पन्नास. रोज एक अंक ती तुला वाचून दाखवते, सध्या अठ्ठाविसावर आहे. तिने विचारलंय, "आबा सगळ्यांना भुईफोडची गोदावरीची गोष्ट सांगतात. ती कितव्या अंकात आहे? मला पान सापडत नाही." म्हाळू, ती कुठल्याच अंकात नाही. भुईफोड एकेचाळिसाव्या अंकात मेला. जमीन मिटली, शेवटच्या चित्रात त्याचा एक हात तेवढा मातीवर होता, आणि तो पुन्हा वर आला नाही. मुखपृष्ठावर तर गोष्टीचं नावच तसं छापलेलं असणार, पान उघडायच्या आधीच कळेल. पन्नाशी उलटलेला माणूस दर महिन्याला चित्रकथा कशाला घेतो, असं मालन विचारते. मी वाट बघत होतो रे. त्या लोकांनी वीजधरला उठवलं, शोषकालासुद्धा चांगला केला, कुणाकुणाला उठवलं. मी प्रत्येक अंक उघडून आधी जमिनीकडे बघायचो. एकदा, फक्त एकदा त्यांनी भुईफोडला उठवलं असतं तर मी खोटा ठरलो नसतो. त्यालाच उठवलं नाही. गेल्या महिन्यात त्यांनी विश्व पुन्हा नव्याने मांडलं, त्यात तर तो जन्मलाच नाही. त्यांना शिव्या घालत हे पत्र सुरू केलं, पण मेलेल्याला उठवायचा धंदा मी त्यांच्या आधीपासून करतोय, आणि तोही वाचता न येणाऱ्या जिवलगाला फसवून. रतन, बाळा, चाळिसावा अंक झाला की पुस्तक मिट आणि मला मेसेज कर. मी त्याच दिवशीच्या गाडीने कड्याला येतो. म्हाळू, घोंगडी टाकून ठेव किंवा दाराबाहेर काढ, तुझा हक्क आहे. पण एकेचाळिसावा अंक तुला मीच वाचून दाखवणार, छापलाय तसा, शेवटच्या हातापर्यंत.

तुझाच, एकच अंक गाळलेला,
भारत