आधी एकट्याने जावं

ता. ११ जून

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद व सलाम. वि. वि.

शनिवारी संध्याकाळी आपण तिघं मागच्या जिन्यावर बसून रविवारचे बूट पॉलिश करायचो, ते आज उगाच आठवलं. मी ब्रश मारायची, मधला फडक्याने घासायचा आणि तू, शेंडेफळ, लेस ओवायचास. दर वेळी एक भोक सुटायचंच. मधला सगळी लेस काढून पुन्हा तुझ्या हातात द्यायचा. आई आतून ओरडायची, की बूट चकाकतील, पण पोरांची तोंडं कोण धुणार. त्या जिन्यावर कधी विशेष काही घडलं नाही. वय झालं की असलंच काहीतरी वर येतं.

तब्येतीचं म्हणशील तर डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरवलंय. पोटातली गाठ काढल्यावरच काय ते कळेल म्हणाल्या. हे सांगताना त्या माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण शोधत होत्या, तेव्हा काय समजायचं ते मी समजले. घाबरलेली नाही मी. थकलेय.

आणि थकलेय ती दुसऱ्याच गोष्टीने. चष्म्याच्या दुकानाच्या सुट्टीला, गुरुवारी, मधला तुमच्या गावाहून बसने माझ्याकडे येतो. बायकोला सोडून दुसरीच्या घरी राहायला गेला म्हणून तुम्ही त्याला चर्चच्या मंडळीबाहेर काढलंत, आणि अशा माणसाबरोबर जेवायलासुद्धा बसू नये, हे प्रेषिताच्या पत्रातलं सांगणं तू व्यासपीठावरून वाचलंस. पाळकाची बहीण म्हणून मी ते पाळते. त्याला गरम वाढते आणि स्वतः ओट्याला टेकून उभी राहते. तो गेला की गार झालेलं एकटी जेवते. वर्ष होत आलं. त्याने एकदाही ये, बस म्हटलेलं नाही. माझी अडचण व्हायला नको म्हणून भराभर गिळतो, ताट धुतो आणि पालथं घालून जातो. सख्ख्या भावाला असं परक्यासारखं वाढायचं अंगावर येतं रे. पाय दुखतात ते वेगळंच.

तुमच्या पंचांचंही कानावर आलं. सगळ्यांचे चष्मे मधल्याने केलेले आणि आता त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही. म्हणून थोरले पंच म्हणे मोडक्या काडीला दोरा बांधून गीतं म्हणतात, आणि पुढची ओळ सोडून मागचीच पुन्हा गातात. हसू नये, पण हसले.

एकच विचारायचंय. प्रभूने शिकवलंय, की भाऊ चुकला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जावं आणि दोघांतच बोलावं. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यावं. त्यानंतर मंडळीच्या कानावर घालावं. तू एकटा कधी गेला होतास?

उत्तर सवडीने दे, पण दे. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. २० जून

ती. ताईस,
धाकट्याचा सलाम व सा. न. वि. वि.

ऑपरेशनचं वाचलं. तू टोपणाचं लिहिलंस आणि मी ते पत्र बायकोला वाचून दाखवताना तेवढंच गाळलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. मी एकटा गेलो नाही, आणि मुद्दामच गेलो नाही. एकटा गेलो असतो तर सगळे म्हणाले असते, की पाळकाने भावाचं प्रकरण घरातल्या घरात मिटवलं. दारू पिऊन येणाऱ्या त्या ट्रकवाल्याला आम्ही बाहेर केलं, तेव्हा कुणी गय केली नव्हती. दादाला वेगळा न्याय नको, म्हणून पहिल्यांदाच दोन पंचांना घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो. दादाने दार अर्धवट उघडलं, आमच्या तिघांकडे पाहिलं आणि म्हणाला, की चष्म्याचं काम असेल तर दुकानात यावं. मग दार लावून घेतलं. त्याला पश्चात्ताप नाही, असं पंचांनी परतताना रस्त्यातच ठरवून टाकलं. मी त्यांच्या मागून चालत राहिलो.

पण ताई, वहिनीचं काय? दर रविवारी तिसऱ्या बाकावर एकटी बसते, शेजारची जागा रिकामी सोडून. उद्या दादाला सहज आत घेतलं तर तिच्या तोंडाकडे मी कसं बघू? तुला शिक्षा कडक वाटत असेल. मला वाटतं, निदान मंडळीने तरी तिची बाजू घेतली.

मीही थकलोय. प्रवचन लिहायला बसतो आणि कोरा कागद तसाच घडी घालून ठेवतो. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी तुला शिवणकाम शिकवलं असं आई सांगायची. शिकवलेली दिसते ती वकिली.

रागावू नकोस. ताईची माया होती तशी असू दे.

तुझा,
धाकटा


ता. २९ जून

चि. धाकट्यास,
अ. आ. व सलाम. वि. वि.

वहिनीच्या तोंडाकडे कसं बघू म्हणतोस, म्हणून मीच बघितलं. परवा ती माझ्या मदतीला आली होती. पडदे काढून धुतले, मला खुर्चीवरून उठू दिलं नाही. मी तिला सरळच विचारलं. तिने हातातला पडदा पिळून दोरीवर टाकला. मग म्हणाली, की त्यांना बाहेर काढताना मला कुणी विचारलं नाही, निदान आत घेताना तरी विचारा. मंडळीत येऊ देत, देवाचं घर काही माझ्या एकटीचं नाही. माझ्या घरात मात्र त्यांनी पाय ठेवायचा नाही. ते मला जमणार नाही, आणि जमवून घे म्हणून सांगायला कुठल्या पाळकानेही येऊ नये. मी त्या रिकाम्या जागेचंही विचारलं. तर म्हणे तिथे ती पर्स ठेवते.

तिच्याकडूनच आणखी एक कळलं. मधला हिवाळ्यातच त्या दुसऱ्या घरातून आपणहून निघाला. तेव्हापासून दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी खाट टाकून राहतो. तुला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. दर गुरुवारी वाढत होते मी त्याला. पण एकाने उभं राहायचं आणि दुसऱ्याने घाईने गिळायचं, त्यात असलं बोलणं निघत नाही.

आमच्या थोरल्या सिस्टर शिकवायच्या, की आपल्या धर्माच्या सुरुवातीच्या काळात मोठा अपराध केलेल्याला मंडळी दाराबाहेर उभं करी. आत जाणाऱ्यांना तो रडून सांगे, की माझ्यासाठी प्रार्थना करा. काही काळाने त्याला दाराच्या आत उभं राहून ऐकू देत, मग गुडघे टेकू देत, आणि शेवटी सगळ्यांबरोबर प्रभुभोजनाच्या भाकरीला बसवत. वर्षंच्या वर्षं लागत. आपल्यापेक्षा कितीतरी कडक होती ती माणसं. पण दाराशी कोण उभं आहे हे आत जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असे. आपण मधल्याला बाहेर ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागलो.

आणि प्रेषिताने त्याच मंडळीला पुन्हा लिहिलं होतं ना, की आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखाने खचून जाईल? सिस्टर म्हणायच्या, आधी ज्याला बाहेर काढायला सांगितलं, तोच हा माणूस. पहिलं पत्र तू खणखणीत वाचलंस. दुसरं वाचायला चष्म्याचा नंबर वाढवून घ्यावा लागतो का?

जा रे. पंच नकोत, पाळकाची कॉलर नको. एकटा जा.

बोलले ते पोटात घाल आणि प्रेम राहू दे.

तुझी,
ताई


ता. १४ जुलै

ती. ताईस,
सलाम व सा. न. वि. वि.

गेलो. मंगळवारी दुपारी, साधा शर्ट घालून. दादा काउंटरमागे कुणाच्या तरी फ्रेमचा स्क्रू पिळत होता. वर न बघता त्याने विचारलं, की बाकीचे दोघे कुठे राहिले. मी म्हटलं, एकटाच आलोय. त्याने उंच खुर्चीकडे बोट दाखवलं, माझ्या नाकावर ती तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकेक भिंग बदलत, ही बरी की ती बरी, असं विचारत राहिला. वर्षभरात आम्ही इतके जवळ आलो नव्हतो. मी म्हटलं, की आधी एकट्यानेच यायला हवं होतं, माझं चुकलं. तो म्हणाला, की खालची ओळ वाच. मला वरचीही दिसेना.

मग त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं. खाट दाखवली. वहिनीशी आपण वाईट वागलो, हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायची त्याची तयारी आहे. दुसऱ्या बाईचं नाव मात्र घेणार नाही, तिनेही कमी ऐकून घेतलेलं नाही म्हणाला.

पंचकमिटीत दोन तास डोकेफोड झाली. थोरल्या पंचांना नावासकट सगळं हवं होतं. वहिनीला बोलावून विचारलं. नाव ऐकायची तिलाच इच्छा नाही म्हटल्यावर त्यांनी हट्ट सोडला. ठरलं ते असं. दादाने लगेचच्याच रविवारी कबुली द्यायची. सहा महिने शेवटच्या बाकावर बसायचं. त्यानंतर प्रभुभोजन. वहिनीच्या घराचा विषय कुणी काढायचा नाही. सहा महिने मला फार वाटतात, पण आता मी एकट्याने ते कमी केले तर भावासाठी केले असं होईल, आणि मग पंच त्याला मनापासून आत घेणार नाहीत.

रविवारी दादा उभा राहिला. चार वाक्यं बोलला, पाचवं गिळलं. मग मी ते दुसरं पत्र वाचलं. वहिनीने मागे वळून पाहिलं नाही. पर्सही उचलली नाही.

तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर घेऊन येतो. वाट बघ, आणि माया असू दे.

तुझा,
धाकटा


ता. १९ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ. व सलाम. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तू गेलास, बरं केलंस. सहा महिन्यांचंही पटतं, आवडत नसलं तरी.

गुरुवारी मधला आला तेव्हा मी दोन ताटं घेतली. शेवटचा बाक तुमच्या देवळात, माझ्या स्वयंपाकघरात नाही. समोर बसले तर तो घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, की ताई, जेवताना तुझा जबडा बाबांसारखाच वाजतो. पोटभर जेवले मी.

पिशवी भरून ठेवलीय. शेजारीण सोबत येणार आहे. जास्त लिहवत नाही, हात भरून येतो. तुम्हा सगळ्यांचा लोभ मला पुरून उरलाय, तो एकमेकांत वाटून घ्या.

तुझी,
ताई

ता. क. मी परत आले तर हा मजकूर फाडून टाक. शिलाई मशीन वहिनीला. ती नको म्हणेल. तिला सांग, की ताईने नणंद म्हणून दिलंय, त्याची बहीण म्हणून नाही. लोकरीची शाल तुझ्या बायकोला. पुस्तकं शाळेला, पण आधी त्यातले माझे केसांचे आकडे काढून टाका. कुकर, तवा आणि चार ताटं मधल्याला, मागच्या खोलीत त्याच्याकडे एकच ताट आहे. तुला वस्तू काही नाही, काम आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ये, भाकर मात्र आणू नकोस. जुन्या काळी शिक्षा पुरी व्हायच्या आत कुणी मरणाला टेकलं तर त्याला भाकर नाकारत नसत, असं सिस्टर सांगायच्या. इथे टेकलेली मी आणि अडलाय तो, म्हणून ती सवलत आमच्या कामाची नाही. मीही भाकरीशिवाय त्याच्याबरोबर थांबते. सहा महिने भरतील त्या रविवारी मी असले, तर भाकर आधी वहिनीला दे, मग मधल्याला, मग मला. नसले, तर आधी वहिनीला, मग मधल्याला, आणि माझ्या वाट्याचा तुकडा तू घे, त्याचं खाऊन झाल्यावर.