झुल्माचा तुंबा आणि गावचा इतिहास

४ मार्च
आजपासून गावचा इतिहास लिहिणार. शताब्दीला नगरपालिका एकच पुस्तक छापणार आहे. ते माझंच असणार, कारण गावात शिकलेला माणूस मीच. फार्मसी मुलीकडे सोपवली.

लायब्ररीत गेलो तर तिथे एदेल्मार. रिटायर्ड स्टेशनमास्तर. म्हणे तोही इतिहास लिहितोय. जन्मभर शिट्ट्या मारल्या, आता पुस्तक.

लायब्ररियन झुल्मा माते देत होती: तुंब्यात कडवट पाला, वर गरम पाणी, ओढायला सगळ्यांत एकच नळी. तुंबा आधी त्याच्या हातात, मग तीच नळी माझ्या तोंडात. एक घोट घेतला, तुंबा परत केला आणि जरा थंडपणेच ‘आभारी आहे’ म्हणालो. म्हणजे पुरे, पुन्हा भरू नका. हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. कळू दे तिलाही.

११ मार्च
गावच्या साप्ताहिकाचे जुने गठ्ठे मागवले. सगळे. माझ्या टेबलावर रचले की एदेल्मारला एकही मिळत नाही. हा डाव नव्हे, पद्धतशीर संशोधन आहे. पहिलं वाक्य लिहिलं: ‘इतिहास म्हणजे काय?’ उत्तर उद्या.

झुल्माने मला मातेचं विचारलंसुद्धा नाही. त्याला मात्र पुन्हा पुन्हा भरून देत होती. पक्षपात.

२ एप्रिल
उत्तर अजून नाही. गठ्ठ्यांतल्या औषधांच्या जाहिराती मात्र सुंदर. उतरवून घेतल्या.

गठ्ठे नाहीत म्हणून एदेल्मार नुसता गप्पा मारतो. झुल्मा त्याला आपल्या आईकडे घेऊन गेली म्हणे. आई पूर्वी स्टेशनच्या कँटीनमध्ये एम्पानादाच्या खाऱ्या करंज्या तळायची, तिच्या आठवणी ऐकायला. याला संशोधन म्हणत नाहीत, घरी जेवायला जाणं म्हणतात. मला कोणी नेलं नाही.

१९ मे
नवा स्वेटर घातला. इतिहासकाराला शोभेलसा. झुल्मा म्हणाली, ‘आनीबाल, किमतीची चिठ्ठी काढा की.’ म्हणजे लक्ष आहे.

मातेचं पाणी सांडून गठ्ठे भिजतील, अशी तिच्याकडे रीतसर तक्रार केली. आता बघतो एदेल्मार कसा पितो ते.

९ जुलै
आमच्याकडचा ऐन हिवाळा, कडाक्याची थंडी. तक्रार मान्य झाली. माते आता टेबलापासून लांब, स्टोव्हपाशी. एदेल्मारही तिथेच. झुल्माही. दोघं हसत होते. मी गठ्ठ्यांपाशी कुडकुडत एकाच जाहिरातीवर डोळे लावून बसलो होतो. हो, जळफळलो. इथे लिहायला काय हरकत आहे?

२८ ऑगस्ट
मुदत परवा संपते. वाक्य एकच झालंय, पण दमदार. मुदतवाढ मागितली. नगरपालिकेतला माणूस म्हणाला, ‘अहो, गाव शंभर वर्षांचं एकदाच होतं.’ एदेल्मारने पुस्तक केव्हाच दिलंय. त्यात चुका असणार.

१४ सप्टेंबर
एदेल्मारच्या पुस्तकाचं प्रकाशन. गाव लोटलं होतं. तो वाचत असताना झुल्माची आई रडली. मग त्याने माझं नाव घेतलं: ‘आनीबालने सगळे गठ्ठे अडवले नसते, तर मी माणसांना विचारायला गेलोच नसतो.’ टाळ्या पडल्या. खोचकपणे म्हणाला नाही, तेच जास्त लागलं.

नंतर तुंबा फिरला. माझ्यापाशी आला आणि पुढे गेला. शेवटी विचारलंच, ‘झुल्मा, इतके महिने मलाच का नाही?’

‘अहो, पहिल्याच दिवशी तुम्ही आभार मानून मोकळे झालात,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं, माझ्या हातचं आवडलं नाही. वाईट वाटलं होतं मला.’

वाईट वाटलं होतं तिला. माझ्यामुळे.

तिने एक भरून दिला. इतक्या जणांनंतर पाला पार धुऊन निघाला होता, चव म्हणून नव्हती. सगळा प्यालो. परत देताना ‘आभारी आहे’ मात्र म्हणालो नाही. तसाच उभा राहिलो.

तिने थर्मास उलटा केला. पाणी संपलं होतं. तापवून आणायला एदेल्मारच धावला.